विमानतळावरची आंबापोळी

मे महिन्यात नागपूर सोडून रत्नागिरीला जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे शहाणं समजतात. तिथला पारा आपल्यापेक्षा बराच खाली असतो, एवढंच लोक बघतात. आमचं ऊन माणसाला भाजून काढतं, पण निदान कोरडं ठेवतं. कोकणात माणूस सावलीत बसल्या बसल्या विरघळतो, आणि तिथले लोक वर म्हणतात, यंदा बरा आहे उन्हाळा.

आम्ही दोघीच गेलो होतो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, शैलावहिनी. वहिनींचं बालपण आंजर्ल्यात गेलं. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते आणि घर भाड्याचं होतं, त्यामुळे मास्तर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले तशी माहेर नावाची जागाच उरली नाही. लग्न होऊन वहिनी नागपूरला आल्या, आमच्यासारखं बोलू लागल्या, आमच्यासारखी भाजीवर तर्री आणू लागल्या. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले, आणि त्यांच्या मुलानं, मंदारनं, आईला कायमचं कॅनडाला न्यायचं ठरवलं. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं, भांडी वाटून झाली, देव कोणाकडे द्यायचे तेही ठरलं. या सगळ्यात वहिनींना काय वाटतं ते कोणी विचारलं नाही, आणि वहिनी भेटेल त्याला स्वतःहून सांगत होत्या की बरंच झालं.

एकदा चहा पिता पिता मला म्हणाल्या, "रेखा, जायच्या आधी तिकडनं काहीतरी घेऊन यायला हवं."

काय, ते त्यांना सांगता येईना. तिथे गेल्यावर दिसेल, म्हणाल्या. मी नुकतीच नोकरीतून सुटले होते आणि रत्नागिरी फक्त आंब्याच्या पेटीवर वाचली होती. मी रिकाम्या पिशव्या घेतल्या आणि निघाले.

रत्नागिरी

कॅनडाला नेण्याजोगं कोकण कुठे मिळतं, असं हॉटेलच्या मालकाला विचारलं. त्यानं थोडा विचार करून बाजाराकडे बोट दाखवलं. राम आळीच्या आसपास हिंडताना एक मोठं दुकान दिसलं. दाराशी नारळाच्या करवंटीची माकडं टांगली होती. आत शिंपल्यांचे गणपती, शिंपल्यांचे दिवे, शिंपल्यांच्या चौकटीतले आरसे, प्लॅस्टिकच्या हापूस आंब्याच्या किल्लीसाखळ्या, आणि 'रत्नागिरी' असं लिहिलेले चिनी मातीचे कप.

वहिनींनी एक शिंपल्यांचा गणपती हातात घेतला, उलटा केला, आणि हे शिंपले कुठल्या किनाऱ्यावरचे, असं विचारलं. आमच्याकडचा दुकानदार असता तर त्यानं समोरच्याच किनाऱ्याचं नाव घेतलं असतं, वर ते वेचणाऱ्या म्हाताऱ्याची कहाणीही ऐकवली असती. हा गृहस्थ पेपरातून मान वर न करता म्हणाला, शिंपले मद्रासकडचे. माकडं? केरळातली. कप गुजरातचे. काजू इथलेच ना, असं मी जरा आशेनं विचारलं. त्यावर त्यानं पेपराची घडी केली आणि सांगितलं की काजू सोलतात इथे, पण पुष्कळसा बाहेरून येतो, आफ्रिकेतून वगैरे.

"मग इथलं काय आहे?" मी विचारलं.

"इथला मी," तो म्हणाला, आणि एक वाजला म्हणून दुकान बंद करायला उठला.

मला हा माणूस फार आवडला. इतका प्रामाणिक व्यापारी मी विदर्भात पाहिला नाही, आणि इतका बेफिकीरही नाही. जाता जाता त्यानंच सांगितलं की कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, मात्र खात्रीनं इथलं, त्याच्या मावशीच्या घरचं. मी मोठी बाटली घेतली. वहिनींनी काही घेतलं नाही. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खाताना त्या म्हणाल्या की समुद्र तेवढा होता तसाच आहे, पण तो मंदारच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. लाकडी होडी त्यांना खेळण्यासारखी वाटली, आमसुलं कॅनडातही मिळतात असं मंदार म्हणाला होता, फणसाचे तळलेले गरे त्यांच्या दातांना झेपणार नव्हते. मी कोकणच्या नकाशाचा टॉवेल सुचवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढे सुचवणं सोडून दिलं. नागपूरच्या नातेवाइकांसाठी मी स्वतः मात्र बरंच घेतलं. त्यात प्लॅस्टिकचे आंबेही होते.

दाभोळ

आंजर्ल्याला जायला आम्ही भाड्याची गाडी केली. गुहागरच्या बाजूनं धोपाव्याला आलो की पुढे वाशिष्ठीची खाडी आडवी येते. तिथे गाड्या, माणसं, मोटरसायकली आणि मासळीच्या पाट्या असं सगळं एका सपाट फेरीबोटीवर चढतं आणि पलीकडे दाभोळला उतरतं. मी हौसेनं गाडीतून उतरून कठड्याला उभी राहिले. खांद्याला माझी पिशवी होती.

खाडीच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहत आहेत. मी खाली पाहिलं. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत लालभडक ओघळ आला होता आणि चपलेपाशी थेंब पडत होते. एका बाईनं मला धरून खाली बसवलं. दुसरी बोटवाल्याला हाक मारायला निघाली. क्षणभर मलाही वाटलं की आपल्याला काहीतरी झालंय आणि ते अजून दुखायला लागलेलं नाही.

मासळीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी जागेवरूनच बघत होती. तिनं बोट पुढे करून थेंब पुसला, जिभेला लावला, आणि बोटवाल्याला ओरडून सांगितलं की काय नाय, आगळ हाय, मीठ बेताचं टाकलंय. सगळी बोट हसली. पिशवीतल्या बाटलीचं मावशीच्या घरचं झाकण मावशीच्या भाच्याइतकंच बेफिकीर होतं.

वहिनी सगळ्यांत जास्त हसल्या. भाऊजी गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. दाभोळच्या धक्क्यावर उतरल्यावरही वहिनी त्या म्हातारीशी बोलत राहिल्या, आणि मी कुर्ता पिळता पिळता ऐकत होते तेव्हा जाणवलं, की वहिनींचं बोलणं बदललंय. शब्द लांबायला लागले होते, वाक्याच्या शेवटी सूर वर जाऊन अलगद खाली येत होता. इतकी वर्षं शेजारी राहून हा आवाज मी ऐकलाच नव्हता. म्हातारीनं त्यांना सुके बोंबील घ्यायचा आग्रह केला. वहिनींनी एक बोंबील नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला, आणि परत ठेवला. मंदारच्या घरात साधी फोडणी दिली तरी छतावरची आगीची घंटा वाजते. बोंबील भाजला तर कॅनडा सरकार काय करील, ते म्हातारीला समजावून सांगणं अवघड होतं.

गाडीत बसल्यावर त्या अचानक म्हणाल्या, "आंबापोळी न्यायची. कुसुमच्या हातची."

मग वाटभर त्यांनी मला कुसुमबद्दल सांगितलं. कुसुम म्हणजे त्यांची शाळेतली मैत्रीण. तिच्या घरी उन्हाळ्यात रायवळ आंब्यांचा रस ताटांवर पसरून वाळवायचे. या दोघी राखणीला बसायच्या, म्हणजे कावळ्यांच्या आधी कडा मोडून खायच्या. लग्नं झाल्यावर दोन-चार पत्रं झाली, मग तीही थांबली. कुसुमच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं होतं, तेव्हा भाऊजींची बदली की काय निघालं आणि वहिनी गेल्या नाहीत. कुसुम आता घरीच आंबापोळीचा उद्योग करते, असं कोणाकडून तरी कळलं होतं. नंबर मिळवून फोन केला तर ती एवढंच म्हणाली होती की ये.

आंजर्ले

मी मनाशी एक कुसुम तयार केली होती. नऊवारीतली, सुपात काहीतरी पाखडणारी, मैत्रिणीला बघताच पदर डोळ्याला लावणारी. प्रत्यक्षात फाटकाशी एक स्कूटर येऊन थांबली. तीवरून गाऊनवर ओढणी घेतलेली, चष्मा लावलेली एक ठसठशीत बाई उतरली आणि म्हणाली, "काय गो शैले, किती वाळलीस."

एवढंच. गळाभेट नाही की रडणं नाही. आमच्याकडे इतक्या वर्षांनी मैत्रिणी भेटल्या असत्या तर शेजारच्या दोन घरांना पाणी घेऊन धावावं लागलं असतं. कुसुमताईंनी आम्हाला हातपाय धुवायला मोरी दाखवली आणि पानं मांडली. घावन, नारळाचं दूध, कच्च्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आणि त्या दिवशी मुद्दाम केलेली आंब्याच्या रसातली सांदणं. कोणी आग्रह करत नव्हतं, आणि पान काही रिकामं होत नव्हतं. आमच्याकडे पाहुणा पुरे म्हणाला की खरा आग्रह सुरू होतो. इथे पुरे म्हटलं की कुसुमताई हो म्हणायच्या आणि आणखी एक घावन टाकायच्या.

जेवण झाल्यावर त्यांनी आम्हाला त्यांचा उद्योग दाखवला. घरामागे जांभ्याच्या कातळावर जाड प्लॅस्टिकचा लांबट मांडव होता. आत रांगेनं स्टीलची ताटं, ताटांत केशरी रसाचे थर. गावातल्या सात-आठ बायका डोक्याला टोप्या आणि हाताला रबरी मोजे घालून काम करत होत्या. आत शिरताच इतका दाट गोड वास आला की मला दाराशीच थांबावं लागलं. वहिनी मात्र सरळ आत गेल्या. पहिल्याच ताटाची वाळलेली कड सुटून वर आली होती. त्यांनी हात पुढे केला आणि ती कड चिमटीत धरली.

कुसुमताईंनी त्यांचा हात बाजूला केला.

"हात लावू नको गो," त्या म्हणाल्या. "टोपी-मोजे घातल्याबिगर चालत नाय इथे."

त्यात राग नव्हता. ताटाशी आलेल्या मांजराला बाजूला करावं तसं केलं आणि त्या पुढे सांगू लागल्या. मुंबईच्या विमानतळावर एक भेटवस्तूंचं दुकान आहे. त्या दुकानवाल्यांनी सगळा हंगाम आधीच बांधून घेतलाय. त्यांची माणसं येऊन बघून जातात. आंबा हापूसच लागतो, रायवळ चालत नाही, कारण त्याचा रंग खोक्यावरच्या चित्राशी जुळत नाही. कुसुमताईंना याचा अभिमान होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं. वहिनी मान हलवत होत्या, पण त्यांचा तो हात त्यांनी पदराखाली घेतला होता.

संध्याकाळी आम्ही कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून माडांची हिरवी पट्टी आणि तिच्यापलीकडे समुद्र असा दिसतो, की फोटो काढून उपयोग नाही हे कळूनही माणूस काढत राहतो. पायऱ्या उतरताना वहिनींनी शेवटी विचारलं. थोडी पोळी त्यांना बरोबर हवी होती. थोडीच.

कुसुमताई थांबल्या. यंदा नाय जमायचं, म्हणाल्या. घरात एक तुकडा नाही. सगळी दुकानाला द्यायचा शब्द दिलेला आहे. मुंबईच्या सुनेलाही दिली नाही. ती विमानतळावर गेली की खोक्याचा फोटो काढून पाठवते. मग त्यांनी अगदी मनापासून मार्ग सुचवला.

"नागपूरला तुम्ही विमानानंच जाताव ना? तिथेच मिळेल की."

वहिनी म्हणाल्या, हो, तिथे घेऊ.

आम्ही कुसुमताईंकडे दोन दिवस राहिलो आणि त्या दोन दिवसांत वहिनींनी कॅनडाचं नाव काढलं नाही. कुसुमताई मुलांबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या, मुंबईला गेलेल्या आणि परत न आलेल्या लोकांबद्दल बोलल्या, आणि वहिनी ऐकत राहिल्या. एकदा मीच सांगायला तोंड उघडलं तर वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याऐवजी पाण्याचा तांब्या मागितला. निघायच्या दिवशी कुसुमताईंनी गाडीत नारळ भरले, कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्यांचे पापड, घरात होतं नव्हतं ते सगळं भरलं, फक्त आंबापोळी सोडून. फाटकाशी त्यांनी विचारलं, आता परत कधी?

"बघू," वहिनी म्हणाल्या.

गाडी घाटाला लागेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "तिनं हात बाजूला केला माझा."

मी त्यांना स्वच्छतेचे नियम, दुकानाच्या अटी, दिलेला शब्द असं सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी तिच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही त्याचा राग असणार, म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं पुन्हा त्यांचं ते वाक्य, बरंच झालं.

विमानतळ

विमानतळावरच्या दुकानांत मी कधी काही घेत नाही. जिथे कोणी राहत नाही अशा जागी स्थानिक वस्तू विकायच्या, ही कल्पनाच मला गमतीची वाटते. पण नागपूरच्या विमानाला वेळ होता आणि वहिनींनीच ते दुकान शोधून काढलं.

दुकान चकचकीत होतं. राजस्थानचे हत्ती, वारली चित्रांचे कप, पैठणीच्या काठाच्या पर्सा, आणि राम आळीतलं ते करवंटीचं माकड. इथे त्याला स्वतंत्र दिवा लावला होता. एका कोपऱ्यात 'कोकण' अशी पाटी आणि तिच्याखाली सोनेरी खोकी रचलेली होती. खोक्यावर एका आजीचं चित्र होतं. नऊवारी, ठसठशीत कुंकू, पाठीमागे समुद्र आणि मांडीवर मांजर. खाली लिहिलं होतं की ही आंबापोळी आजीच्या मायेनं, लाटांच्या गाण्यात वाळवली आहे.

वहिनींनी खोकं जवळ धरलं, लांब धरलं, मग चष्मा लावला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत काय काय होतं, त्यात शेवटी दापोली तालुका सापडला. कुसुमताईंचं नाव कुठेच नव्हतं.

"ही कोण?" त्यांनी दुकानातल्या मुलीला विचारलं.

मुलगी गणवेशात होती, नम्र होती. आजी, असं तिनं उत्तर दिलं.

"कोणाची?"

मुलीला ते शिकवलेलं नव्हतं. वहिनींनी तिला सांगितलं की ही पोळी करणाऱ्या बाईचं नाव कुसुम. ती गाऊन घालते, स्कूटर चालवते, मांजराला तर आत फिरकू देत नाही. आणि लाटांचं गाणं-बिणं काही नाही, कातळावर मांडव घातलाय, आत दोन मिनिटं उभं राहवत नाही एवढं तापतं, तिथे बायका दिवसभर टोप्या घालून उभ्या असतात. हे सगळं त्या कुसुमताईंच्या सुरात सांगत होत्या, आणि आवाज चढत चालला होता. दोन दिवस ज्या बाईवर रुसून बसल्या होत्या तिचं नाव खोक्यावर नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मी त्यांचा दंड धरला. विमानतळावर भांडण झालं तर काय होतं याबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. पण तेवढ्यात बाजूला हत्ती निवडत असलेल्या एका बाईनं हिंदीतून विचारलं की हे खायला कसं असतं. वहिनी तिच्याकडे वळल्या. त्यांची हिंदी म्हणजे नागपुरी, आणि तिला आता आंजर्ल्याची चाल लागलेली. चावायचं नाही, त्यांनी सांगितलं. तुकडा जिभेवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. आधी आंबट लागतं, मग गोड, आणि मग कितीतरी वेळ काही बोलावंसं वाटत नाही. त्या बाईनं दोन खोकी घेतली. तिच्या नवऱ्यानं आणखी एक घेतलं. मग बंगलोरला जाणाऱ्या तीन मुली थांबल्या, मग एक लष्करातला माणूस. प्रत्येकाला वहिनी आधी खोक्यावरचं चित्र खोटं असल्याचं सांगत आणि मग खरी बाई कोण ते सांगत. लोकांना खोटं चित्र असलेली खरी वस्तू फार आवडते असं दिसलं. दुकानातली मुलगी आधी घाबरून इकडेतिकडे बघत होती. नंतर तिनं वहिनींना बसायला स्टूल दिलं.

एक सुटातले गृहस्थ मधुमेहाचं कारण सांगून निसटत होते. वहिनींनी त्यांना परत बोलावलं आणि घरात मधुमेह नसलेलं कोणी नाही का, असं विचारलं. त्यांनी निमूटपणे खोकं उचललं.

मग वहिनी स्वतःसाठी घ्यायला वळल्या, आणि कोपरा रिकामा होता.

मुलीनं खालचे कप्पे पाहिले, मागे जाऊन आली. माल संपला होता. पुढचा कधी येईल ते तिला माहीत नव्हतं. सुटातले गृहस्थ सुरक्षित अंतरावर गेले होते. मला हसू येत होतं आणि हसायची भीतीही वाटत होती. सगळी रत्नागिरी पालथी घालून वहिनींना जी एकच वस्तू पसंत पडली होती, ती त्यांनी स्वतःच्या हातानं लोकांना विकून टाकली होती.

वहिनी स्टुलावर बसल्या. नागपूरच्या विमानाची घोषणा झाली. त्यांनी पर्समधून फोन काढला, कुसुमताईंना लावला, आणि कानाला धरून ऐकू येत नाही म्हणून नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. हत्तींच्या आणि माकडांच्या साक्षीनं संभाषण सुरू झालं.

"कुसुम, तुझी पोळी संपली गो," त्या म्हणाल्या. आणि मग, श्वास न घेता, "मी कॅनडाला चाललेय. कायमची. पुढच्या महिन्यात. तुला सांगायचं राहिलं."

मला वाटलं फोन कट झाला. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून पाहिला. दुकानातली मुलगी पावतीपुस्तकावर मान खाली घालून उभी होती. मग फोनमधून, दूरवर कुठेतरी ताट ठेवल्याचा आवाज आला.

"तिथे ऊन असतं काय?" कुसुमताईंनी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. कॅनडाबद्दल घरातल्या सगळ्यांनी पुष्कळ सांगितलं होतं. विमा, थंडी, बर्फातले बूट, मंदारच्या घराला किती खोल्या. हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, असतं. उन्हाळ्यात असतं, आणि दिवस फार मोठे असतात तिथे. वहिनींनी ते जसंच्या तसं फोनमध्ये सांगितलं.

"मग होईल," कुसुमताई म्हणाल्या. "आंबा कुठलाही घे. पण पहिला थर पातळ घाल हां."

आम्ही चालू लागलो. मी दोघींच्या पिशव्या घेतल्या होत्या, कारण वहिनींचे दोन्ही हात फोनला होते. रांगेत उभं राहून, बसमधून, जिना चढून आम्ही जागेवर येऊन बसलो, आणि फोन चालूच होता. ताटाला तूप किती लावायचं, झाकायला फडकं कसलं घ्यायचं, बाल्कनी दक्षिणेला असेल तर ताट कुठे ठेवायचं. मध्येच कुसुमताईंचा आवाज जरा घोगरा झाला तेव्हा त्यांनी आपल्या एका बाईला विनाकारण रागावून घेतलं.

हवाईसुंदरी आली आणि फोन बंद करायला सांगून गेली. वहिनींनी तिला एक बोट दाखवलं, थांब म्हणून. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा कुसुमताई सांगत होत्या की कड सुटून वर आली की समजायचं झाली, आणि वहिनी, ज्यांना हे सगळं मी पाळण्यात होते तेव्हापासून येत होतं, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या हो हो म्हणत होत्या.